माणसं बघायला जाताना

मित्रहो, पर्यटक म्हणून माणसंच बघायला जावं का, हा आजचा प्रश्न मी मुख्यतः एकाच जागेच्या आधाराने मांडणार आहे. थायलंडच्या वायव्य टोकाला, म्यानमारच्या सीमेला लागून मे हाँग सोन नावाचा प्रांत आहे. तिथल्या डोंगरांत कायान लोकांच्या वस्त्या आहेत. गळ्यात पितळेची वेटोळी घातलेल्या ज्या बायकांचे फोटो तुम्ही आजवर पाहिलेत, त्या याच समाजाच्या. वस्तीच्या तोंडाशी तिकीट असतं. महामारीआधी परदेशी माणसाला साधारण २५० बात (थाई चलन) पडत. आत गेलं की दुतर्फा शालींची, दागिन्यांची दुकानं आणि त्यांत बसलेल्या बायका. पाहुणा दुकानातल्या मालासाठी आलेला नसतो, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

आधी त्या अलंकाराविषयी थोडं. त्या सुट्या कड्या नसतात, पितळेच्या एका लांब सळईचं ते वेटोळं असतं. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की पहिलं चढतं, आणि ती वाढेल तसं ते काढून आणखी लांब वेटोळं घालतात. त्याने मान लांबत नाही. वजनामुळे कॉलरबोन आणि वरच्या बरगड्या खाली दबतात, खांदे उतरतात आणि मान उंच भासते. हे का करतात, याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. वाघाने गळा धरू नये म्हणून, ही गाइडची आवडती. स्वतः त्या बायका बहुतेक वेळा एवढंच सांगतात, की हे आमच्यात सुंदर मानतात, आमच्या आया-आज्यांनी घातलं. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. सौंदर्याची कल्पना प्रत्येक समाजाची आपापली असते, आणि तिचा खुलासा पाहुण्याला देण्याचं बंधन कुणावर नाही.

ही माणसं मुळात थायलंडची नव्हेत. ती म्यानमारच्या काया राज्यातली, करेन्नी समूहातली. लष्कर आणि करेन्नी सशस्त्र संघटना यांच्या लढाईत गावं उद्ध्वस्त झाली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सीमा ओलांडून आली. थायलंडने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. म्हणजे जीव वाचवून आलेल्या माणसाला तिथे निर्वासित म्हणून कायद्याने हक्क मिळत नाहीत. मोकळेपणी काम शोधता येत नव्हतं, परवानगीशिवाय दुसऱ्या भागात जाता येत नव्हतं. अशा माणसांपुढे एक रोजगार आला, तो म्हणजे स्वतःचा गळा दाखवण्याचा. वेटोळी घालणाऱ्या बाईला महिन्याचे पैसे मिळू लागले. उतरवली तर ते पैसे जात. पर्यटकांच्या नजरेला खुपतील अशा आधुनिक वस्तू वापरू नयेत म्हणून दबाव येतो, असंही तिथल्या बायकांनी सांगितलं आहे.

गळ्यात पितळ घालणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. कुतूहलाने दुसऱ्याचं जगणं पाहायला जाणंही चूक नाही. कुतूहल नसतं तर माणसांनी एकमेकांना ओळखलंच नसतं. पण जिथे बदलल्याबद्दल पोटाला चिमटा बसतो, तिथली परंपरा ही त्या समाजाची उरत नाही, ती तिकीट विकणाऱ्याची होते. रूढी धरणं, सैल करणं, टाकून देणं आणि मन झालं तर पुन्हा उचलणं हे प्रत्येक समाज आपल्या मर्जीने करत आलेला आहे. कायान मुलीला हा हक्क नाकारला जातो आणि वर त्याला संस्कृतीचं जतन म्हटलं जातं. मला हे असह्य वाटतं.

२००८ साली हा प्रश्न जगापुढे आला. न्यूझीलंड आणि फिनलंड काही कायान कुटुंबांना आपल्याकडे वसवायला तयार होते, पण थायलंडमधून बाहेर पडायची परवानगी त्यांना मिळत नव्हती. पर्यटनासाठी त्यांना अडकवून ठेवलं जातंय का, असा उघड सवाल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने केला; ‘मानवी प्राणिसंग्रहालय’ हे शब्द तेव्हाच गाजले. त्याआधी काही तरुणींनी निषेध म्हणून वेटोळी उतरवून ठेवली होती. परदेशातल्या कुठल्याही लेखापेक्षा मला ही कृती मोठी वाटते. ज्या अंगावरून सगळा व्यवहार चालला होता, त्या अंगानेच त्यांनी नकार दिला.

याचा इतिहास जुना आहे. १९३०च्या दशकात याच समाजातल्या बायकांना ब्रिटनमध्ये नेऊन बर्ट्राम मिल्स सर्कशीत लोकांपुढे उभं केलं होतं. १९५८ साली, ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातही काँगोतल्या माणसांचं ‘गाव’ कुंपणाआड मांडलं होतं. तेव्हा माणसं प्रेक्षकांकडे नेत. आता प्रेक्षक माणसांकडे जातात. विमान स्वस्त झालं, एवढा फरक आहे.

मग जाऊच नये का? हा प्रश्न प्रामाणिक आहे. बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो. पण २०२०मध्ये महामारीने पर्यटक आपोआप थांबले, तेव्हा या वस्त्यांचं उत्पन्न आटलं आणि कित्येक कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. पुढच्याच वर्षी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि काया राज्य पुन्हा युद्धात सापडलं. मागे युद्ध आणि पुढे रिकामं दुकान. अशा बाईला आपण दूर बसून ‘तुझ्या भल्यासाठी येत नाही’ म्हणणं आणि ‘तुझ्या भल्यासाठी तिकीट काढतो’ म्हणणं, दोन्हींत तिला कुणी विचारलेलं नसतं.

जिथे विचारलं गेलं, किंवा विचारायला भाग पाडलं गेलं, तिथलं चित्र वेगळं आहे. पनामाच्या गुना आदिवासींनी १९२५मध्ये उठाव करून आपल्या किनाऱ्यावर आणि बेटांवर स्वायत्तता मिळवली. त्यांच्या प्रदेशात पर्यटनाचे नियम त्यांची महासभा ठरवते आणि बाहेरच्या भांडवलाला तिथे मालकी मिळत नाही. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या गावांत फोटो काढायला, चित्र रेखाटायला मनाई आहे, आणि काही विधी बाहेरच्यांना बंद आहेत. पाहुण्याने वाईट वाटून घेण्याचं त्यात काही नाही. दोन्हीकडे पायाखाली जमीन होती आणि हातात काही सत्ता होती.

सत्ता नसली की काय होतं, याचं एक उदाहरण पॅसिफिकमधलं. आजच्या वानुआतू देशातल्या पेंटेकोस्ट बेटावर पायाला वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून उडी मारण्याची प्रथा याम या कोनफळासारख्या कंदाच्या हंगामाशी बांधलेली आहे. त्या दिवसांत वेली ओलसर, लवचिक असतात. १९७४ साली वसाहतीच्या राजवटीने ब्रिटनच्या राणीच्या भेटीसाठी ती हंगामाआधी करवून घेतली. वेल तुटली आणि एक माणूस गेला. रूढीला तिचे स्वतःचे नियम असतात, ते पाळणाऱ्यांना ठाऊक असतात. पाहुण्याच्या वेळापत्रकाला ते कळत नाहीत.

म्हणून जाणाऱ्याने निघण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. तिकिटाचे पैसे कुणाच्या हातात जातात? वस्तीने महिनाभर दार बंद ठेवायचं ठरवलं तर तिला ते ठेवता येईल का? रूढी न पाळणाऱ्या मुलीलाही वाटा मिळतो का? पै नदीकाठच्या ह्वाय पू केंग या कायान वस्तीत पाहुण्यांनी राहावं, गावकऱ्यांकडून विणकाम, कोरीवकाम शिकावं, अशी पद्धत आणली गेली आहे. तिथे गळ्याऐवजी हाताच्या कसबाचे पैसे मिळतात, पुरुषही कमावतात. ती वाट मला चांगली वाटते. पण कागदपत्रं नसलेल्या माणसाचं कसबही शेवटी दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये थाई मंत्रिमंडळाने वर्षानुवर्षं नागरिकत्वाविना राहिलेल्या सुमारे ४ लाख ८० हजार लोकांसाठी कायम निवास आणि नागरिकत्वाची वाट सोपी करण्याचा निर्णय घेतला. त्यात डोंगराळ भागातले वांशिक अल्पसंख्याक मोठ्या संख्येने आहेत. थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाने, सहल कंपन्यांनी, त्यावर लिहिणाऱ्यांनी आता हा प्रश्न लावून धरला पाहिजे, की हा निर्णय कायान वस्त्यांत जन्मलेल्या मुलींपर्यंत कधी पोहोचणार.