हनिफारूचा फेर

मालदीवमधील ‘बा’ नावाच्या कंकणद्वीपाच्या, म्हणजे प्रवाळांच्या कड्यासारख्या बेटसमूहाच्या, पूर्व कडेला हनिफारू नावाची, जेमतेम फुटबॉलच्या मैदानाएवढी एक खाडी आहे. कोकणात पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे इथेही वाहू लागले, की कंकणद्वीपांच्या पूर्वेकडील पाण्यात प्लवकांची रेलचेल होते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर खाडीत ओढले जाऊन प्रवाळभिंतीच्या आत अडकतात.

त्यांच्या मागोमाग मांटा येतात. मांटा हा पाकटाच्या कुळातला, कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. इथल्या मांटांच्या परांची रुंदी बहुधा ३ ते ४ मीटर भरते, मात्र त्यांच्या शेपटीला विषारी काटा नसतो.

या मांटाच्या तोंडाकडे पाहा. दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या दिसणाऱ्या त्या गुंडाळ्या आता उलगडत आहेत, आणि त्यांची पन्हळ होऊन पाणी थेट उघड्या जबड्यात वळते आहे. खरे नवल त्याच्याही आत आहे. आपली पिठाची चाळणी भोकाहून मोठे कण अडवते आणि थोड्याच वेळात तुंबते. मांटाच्या कल्ल्यांतली चाळणी तशी तुंबत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तिच्या पात्यांमागे पाण्याचे भोवरे तयार होतात, कण पात्यांवर आदळून घशाकडे उसळतात, आणि भोकांपेक्षा लहान असलेले प्लवकही निसटत नाहीत.

अन्न विपुल असले, की एकामागे एक मांटा रांग धरतात. पहिला शेवटच्याच्या शेपटीशी पोहोचला, की रांगेचा फेर होतो आणि सारे पाणी त्यांच्याबरोबर गरगरू लागते. वर वळलेल्या प्रत्येक पोटावर काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. ती कोणत्याही दोघांची सारखी नसते आणि आयुष्यभर टिकते, म्हणून अभ्यासक एकेका मांटाला वर्षानुवर्षे ओळखू शकतात.

हीच विलक्षण चाळणी त्यांच्या जिवावर उठली आहे. कल्ल्यांच्या वाळवलेल्या पट्ट्या चीनमध्ये औषध म्हणून विकल्या जातात. मालदीवने २०१४ पासून सर्व पाकटांना संरक्षण दिले आहे, परंतु जिथे शिकार चालते, तिथली घट भरून निघणे फार कठीण असते, कारण वर्षभराच्या गर्भावस्थेनंतर मादीला बहुधा एकच पिल्लू होते. सुमारे दीड मीटर रुंदीचे ते पिल्लू पर अंगाभोवती गुंडाळूनच बाहेर येते, ते उलगडते, आणि आईविना पोहू लागते.