शिडाच्या नौकेतून लिशियाच्या किनाऱ्यानं

[दृश्य: फेथियेचं बंदर, सकाळ. लाकडी नौकांच्या डोलकाठ्या.]

गणपती गावाला गेले की मुंबईकराचे पाय शिवशिवायला लागतात. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे प्राचीन काळच्या लिशियात, जायलाही हाच मोसम चांगला. भर उन्हाळ्यात इथं मेल्तेम नावाचा वायव्येचा वारा दुपारी जोर धरतो. सप्टेंबरअखेर तो बराच निवळतो, पाणी मात्र अजून कोमट असतं. मुंबईहून इस्तंबूल, तिथून दालामानचं विमान, आणि पुढं रस्त्यानं फेथिये.

या नौकेला गुलेत म्हणतात. दोन डोलकाठ्या, रुंद पोट, मागं जेवायचं मोठं टेबल. १९२५ साली जेवात शाकिर या लेखकाला एका लेखापायी बोद्रुमला हद्दपार केलं. ते गाव त्याला इतकं आवडलं की शिक्षा संपल्यावर तो तिथंच राहायला आला, आणि मित्रांना घेऊन स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून हा किनारा धुंडाळू लागला. आजची ही सगळी सफर त्या भटकंतीतून सुरू झाली.

नौकेवर दादर, गिरगाव, ठाणे आणि एक जर्मन जोडपं. पहिल्या दुपारी ओल्युदेनिझ मागं टाकलं आणि लाटा आडव्या यायला लागल्या. ठाण्याच्या मुलाला बोट लागली. गिरगावच्या काकूंनी पिशवीतून आलेपाक काढला. "खाली बघू नकोस रे, लांब डोंगराकडे बघ." काकू लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मालवणला जायच्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला लागायची. संध्याकाळपर्यंत जर्मन बाईसुद्धा आलेपाक चघळत ते ऐकत बसली होती.

[दृश्य: छोटी खाडी. नांगराची साखळी सुटते.]

आता हे नीट बघा. काप्तान नौका उलटी फिरवतो, पुढून नांगर सोडतो आणि पाठ किनाऱ्याकडे करून हळूहळू मागं येतो. खलाशी दोर घेऊन पाण्यात उडी मारतो, पोहत जातो आणि दोर खडकाला बांधतो. इथं डोंगर सरळ पाण्यात उतरतात, किनाऱ्यालगतच खोली आहे. नुसत्या नांगरावर सोडली तर नौका वाऱ्यानं गोल फिरेल. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. तिथं असा ताणून दोर बांधला तर तो तुटेल तरी किंवा होडी लोंबकळेल. या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. म्हणून इथं दोर रात्रभर तसाच राहतो आणि माणसं निवांत डेकवर गाद्या टाकून झोपतात.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची चंगळ आहे. ऑलिव्ह तेलातली वांगी, भात भरलेली ढोबळी मिरची, दही, आणि वर छोट्या काचेच्या पेल्यातला कोरा चहा.

काश गाव ओलांडलं की उलुबुरून हे भूशिर येतं. १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यानं समुद्रतळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ पाहिल्याचं सांगितलं. ती तांब्याच्या लगडी होत्या. पुढं दहा-अकरा वर्षं पाण्याखाली उत्खनन चाललं. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी बुडालेलं हे गलबत. त्यात सुमारे १० टन तांबं, १ टन कथील, निळ्या काचेच्या लगडी, हस्तिदंत, आफ्रिकेतलं काळं लाकूड. १० टन तांब्याला १ टन कथील हे कांसं ओतायचं प्रमाण. म्हणजे एका गलबतात एका सैन्याची शस्त्रं होतील इतका माल. तो सगळा बोद्रुमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. इथं वर फक्त खडक दिसतो. तरी काप्ताननं वेग कमी केला, आणि ते योग्यच केलं.

[दृश्य: केकोवा. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या.]

केकोवा बेटाच्या काठानं जमीन खचली आणि जुन्या वस्तीचा काही भाग पाण्याखाली गेला. या भागात पोहायला मनाई आहे, आणि असायलाच हवी. समोर कालेकोय. लिशियन लोकांची दगडी शवपेटी तिथं उथळ पाण्यात उभी आहे. वर टेकडीवर किल्ला. गावात गाडीरस्ता येत नाही, यायचं ते पाण्यानं किंवा पायवाटेनं. हा किनारा बांधणाऱ्यांनी तोंड समुद्राकडे केलं होतं. महामार्गावरून बघणाऱ्याला त्याची पाठ दिसते.

खांदेरी, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे आपले किल्लेही पाण्यावरून येणाऱ्यासाठीच बांधलेले. आपण ते वाळूत उभे राहून बघतो. शेवटच्या रात्री डेकवर हाच विषय निघाला. दादरच्या काकांनी वहीत मुक्काम लिहायला घेतले: रेवदंडा, मुरुड, हर्णे, जयगड. काकू म्हणाल्या, "पावसाळा पूर्ण सरू द्या, आणि प्रत्येक खाडीत शिरायच्या आधी तिथल्या कोळ्यांना भरतीची वेळ विचारा."