शुद्धीतली गुंगी आणि वीस पेशंट

आज आपण पूर्ण भुलीबद्दल बोलणार नाही, दातांच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या गुंगीबद्दल बोलणार आहोत. या गुंगीत, म्हणजे कॉन्शस सिडेशनमध्ये, पेशंट सैलावतो, त्याची भीती ओसरते, पण ‘तोंड उघडा’ म्हटलं की तो तोंड उघडतो. ब्रिटनमध्ये ही अट व्याख्येतच आहे: बोलण्याचा संपर्क शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तो तुटला, तर ती भूलच धरली जाते. आणि रुग्णालयाबाहेरच्या दातांच्या दवाखान्यात पूर्ण भूल देणं तिथे २००१ च्या अखेरीस बंद झालं. त्यामुळे घाबरलेल्या पेशंटसाठी सिडेशनला महत्त्व आलं, आणि ते द्यायचं कोणी, हा प्रश्नही पुढे आला.

आपल्याकडून तिकडे प्रॅक्टिस करायला जाणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. दंतवैद्यकाची पदवी आणि नोंदणी असली म्हणजे सिडेशन देता येतं, असं नाही. भूलशास्त्र आणि दंतवैद्यकाच्या तिथल्या संस्थांनी मिळून २०१५ मध्ये मानकं ठरवली. त्यांनुसार आधी वर्गातला अभ्यास, मग देखरेखीखाली प्रत्यक्ष काम: शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देण्यासाठी किमान २० केसेस आणि नायट्रस ऑक्साइड या श्वासातून द्यायच्या गुंगीच्या वायूसाठी किमान १०. प्रत्येक केस लॉगबुकात लिहायची, आणि तुम्ही काम करत असताना अनुभवी माणूस बाजूला उभं राहून ते तपासणार. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मध्यम सिडेशनसाठी ६० तासांचं शिक्षण आणि स्वतः सांभाळलेले २० पेशंट मागितले आहेत. दोन्हीकडे वीस.

वीस कशाला, चार-पाच पुरे नाहीत का? नाहीत. मिडाझोलामचा डोस वजनावर ठरवता येत नाही. सारख्या वजनाच्या दोन माणसांपैकी एकाला तीन मिलिग्रॅम पुरतं, दुसऱ्याला सात लागतं. म्हणून औषध थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. निरोगी प्रौढाला सुरुवातीला एक ते दोन मिलिग्रॅम, तेही सावकाश. मग किमान दीड ते दोन मिनिटं हात बाजूला. नंतर अर्धा ते एक मिलिग्रॅमची भर. वयस्क माणसात याहून कमी डोस आणि याहून जास्त वेळ, कारण त्यांचं रक्ताभिसरण मंद असतं आणि औषधाचा परिणाम उशिरा दिसतो. शिकाऊ हात चुकतो तो इथेच. परिणाम दिसत नाही म्हणून तो लगेच पुढचा डोस देतो, आणि मग दोन्ही डोस एकदमच लागू होतात. हे थांबणं पुस्तकातून अंगवळणी पडत नाही. वेगवेगळी वीस माणसं समोर बसली की पडतं.

अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, तीही बघून घ्या. दातांच्या सिडेशनसाठी एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेलं द्रावण हवं. एक मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅमचंही मिळतं. सिरिंजमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, आणि गफलत झाली तर डोस पाचपट जातो. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये याच कारणासाठी देशभर सूचना काढावी लागली.

आता श्वास. बोटावरचा ऑक्सिमीटर उशिरा बोलतो. नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. श्वास मंदावलेला असतो, तरी आकडा काही वेळ ९८ दाखवत राहतो. म्हणून छातीची हालचाल बघायला शिकवतात, आणि अमेरिकेत मध्यम सिडेशनला श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्यावर भर आहे. आपल्या कामात एक जास्तीची अडचण आहे: खालची दाढ काढताना जबड्यावर जोर येतो, जबडा मागे सरकतो आणि जीभ घशाकडे जाते. म्हणजे श्वासाची वाट आपल्याच हाताने बंद होते. अशा वेळी आधी हात काढा. पेशंटला नावाने हाक मारा, खोल श्वास घ्यायला सांगा, हनुवटी उचला, ऑक्सिजन द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर फ्लुमाझेनिल, म्हणजे मिडाझोलामचा परिणाम उलटवणारं औषध. २०० मायक्रोग्रॅम पंधरा सेकंदांत, मग दर मिनिटाला १००, एकूण एक मिलिग्रॅमपर्यंत. पेशंट डोळे उघडतो आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण फ्लुमाझेनिल मिडाझोलामच्या आधी उतरतं. त्यामुळे गुंगी परत चढू शकते. जागा झालेला पेशंट घाईने घरी पाठवणं ही शिकवणुकीत वारंवार बजावली जाणारी चूक आहे.

नायट्रस ऑक्साइड त्या मानाने सौम्य. यंत्रातून ऑक्सिजन तीस टक्क्यांखाली जात नाही. नुसत्या ऑक्सिजनने सुरुवात करायची, नायट्रस टप्प्याटप्प्याने वाढवायचं, आणि संपताना पुन्हा तीन ते पाच मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन. वापरलेला वायू खेचून घेणारी व्यवस्था मात्र हवीच, कारण दिवसभर त्या खोलीत नर्स असते.

आणि नर्सचं शिक्षणही तेवढंच महत्त्वाचं. एकच डॉक्टर गुंगीही देतो आणि दाढही काढतो, तेव्हा त्याची नजर तोंडात असते. पेशंटच्या चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर नजर ठेवणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती नसेल, तर सिडेशन सुरूच करू नये. जीवरक्षणाचं प्रशिक्षण दरवर्षी, आणि ते सगळ्या टीमने एकत्र. ऑक्सिजनचा सिलिंडर कोण उघडणार आणि फोन कोण करणार, हे त्या क्षणी ठरवायला वेळ नसतो.

शेवटचा डोस दिल्यापासून किमान तासभर पेशंट थांबतो. आधाराशिवाय चालता आलं पाहिजे, सोबत जबाबदार मोठं माणूस पाहिजे, आणि चोवीस तास गाडी चालवणं बंद. हातातली कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली औषध देण्याची बारीक नळी, तो निघण्याच्या वेळेपर्यंत काढायची नाही. काम संपलं म्हणून ती आधी काढली आणि पेशंट पुन्हा पेंगायला लागला, तर फ्लुमाझेनिल द्यायला शीर शोधत बसावं लागतं.