नौदल समोर उभं होतं, तरी होडी उलटली कशी?

नमस्कार मंडळी. तो निळ्या होडीचा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. माणसांनी गच्च भरलेली होडी, ती एका बाजूला कलते, माणसं टपाटप पाण्यात पडतात आणि होडी उलटी होते. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी निदान पन्नास जणांनी मला तो पाठवला, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: ताई, नौदलाचं जहाज समोर होतं ना, मग हे झालंच कसं?

आधी तो व्हिडिओ कुठला ते सांगते. 25 मे 2016, लिबियाच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र. होडीत होते लिबियाहून समुद्रमार्गे युरोप गाठायला निघालेले स्थलांतरित. चित्रण इटलीच्या नौदलाचं आहे आणि समोर उभं असलेलं जहाज म्हणजे त्यांचं गस्ती जहाज 'बेत्तिका'. मदत पोचली होती, लाइफजॅकेट वाटणं सुरू होतं, आणि त्याच वेळी होडी गेली. साडेपाचशेहून जास्त माणसं वाचवली. सगळी वाचली नाहीत.

पार्श्वभूमी झटपट सांगते, बातम्यांमध्ये तुम्ही ती ऐकलेली असणार. 3 ऑक्टोबर 2013 ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ एक होडी बुडाली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. हे बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे. त्यानंतर दोनच आठवड्यांनी इटलीने 'मारे नॉस्त्रुम' मोहीम सुरू केली. हे लॅटिन नाव आहे, अर्थ 'आपला समुद्र'. महिन्याला सुमारे 90 लाख युरो खर्च, आणि वर्षभरात साधारण दीड लाख माणसं वाचवली. 2014 च्या ऑक्टोबरअखेर ती बंद झाली. तिच्या जागी आलेली युरोपची 'ट्रायटन' मोहीम सुरुवातीला एक तृतीयांश पैशात आणि इटलीच्या किनाऱ्याजवळच चालायची. एप्रिल 2015 मध्ये आणखी मोठी दुर्घटना झाली, मग आयर्लंड, ब्रिटन, जर्मनी यांनी नौदलाची जहाजं पाठवली. बास. आता मूळ मुद्दा.

बचावातला सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे मदत पोचते तो क्षण. कृपया हे नीट ऐका, कारण कमेंटमध्ये "नौदलाने उशीर केला", "नौदल बघत बसलं" असं बिनधास्त लिहिलं जातंय, आणि मला ते मनापासून खटकतं.

दापोलीला, मुरुडला किंवा तारकर्लीला डॉल्फिन बघायला होडीतून गेला असाल तर आठवा. कोणीतरी ओरडतं, "तो बघा, तो बघा!" आणि सगळे मोबाइल घेऊन एका बाजूला धावतात. त्या क्षणी तांडेलचा आवाज चढतो, "बसा खाली! जागेवरून हलू नका!" लहानपणी हर्णैला मामाच्या होडीत मी हे अनुभवलंय. आम्ही अकरा पोरं, सगळी एकदम उजव्या काठाला. मामाने मला दंडाला धरून असं खाली बसवलं की दोन दिवस दंड दुखत होता. तेव्हा राग आला होता. पुढे जहाजावर नोकरीला लागले, जहाजाचा तोल या विषयाची परीक्षा दिली, तेव्हा मामाला काय दिसलं होतं ते कळलं.

अकरा पोरांच्या जागी आता पाचशे माणसं धरा. होडी मासेमारीची, लाकडी, जुनी. निम्मी माणसं डेकखालच्या खणात कोंबलेली, तिथे आधीच गुडघाभर पाणी. दोन दिवस कोणी सरळ उभं राहिलेलं नाही. आणि समोर जहाज दिसतं. माणूस काय करेल? उभा राहील, हात हलवेल, जहाजाच्या बाजूला सरकेल. तुम्ही केलं असतं, मीही केलं असतं. पाचशे माणसं उभी राहिली की सगळं वजन वर चढतं. ती एका काठाला आली की होडी तिकडे कलते. होडी कलली की तळातलं पाणीही त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. तिथून पुढे ती सावरत नाही. खणातल्या माणसांना तर बाहेर पडायला वाटच उरत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघा. आयर्लंडचं 'नीव' नावाचं नौदलाचं जहाज, 5 ऑगस्ट 2015. होडीवर सहाशेच्या आसपास माणसं. जहाज जवळ पोचलं, छोट्या बोटी पाण्यात सोडल्या, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे. बोटी येताना दिसल्या, लोक एका बाजूला झुकले आणि होडी गेली. साधारण 370 जणांना पाण्यातून काढलं, 25 मृतदेह मिळाले, बाकीचे बेपत्ता. हे आळशी नौदल नव्हतं हो! त्या वर्षात आयर्लंडच्या मोजक्या तीन जहाजांनी साडेआठ हजारांहून जास्त माणसं वाचवली होती.

आणि लाम्पेदुसाची ती 2013 ची होडी? तिथे समोर जहाजही नव्हतं. किनाऱ्यावरून कोणाला तरी दिसावं म्हणून एक पांघरूण पेटवलं, आग भडकली, माणसं आगीपासून दूर पळाली, म्हणजे एकाच बाजूला. किनारा मैलभरही लांब नव्हता. कारण वेगळं, पण शेवट तोच.

"मग दोर टाकून होडी जहाजाला चिकटवून का घेत नाहीत?" हा प्रश्न सतत येतो आणि प्रश्न चांगला आहे. उत्तर 18 एप्रिल 2015 च्या रात्रीत आहे. 'किंग जेकब' हे मालवाहू जहाज मदतीला गेलं होतं. होडी त्याच्या अंगावर आली, आपटली, आतल्या माणसांची एकच धावपळ झाली आणि ती उलटली. वाचले 28. मेलेल्यांचा आकडा आठशेच्या घरात सांगितला गेला. पुढच्या वर्षी इटलीच्या नौदलाने ती होडी सुमारे 370 मीटर खोलीवरून वर काढली, आतल्या माणसांची ओळख पटवता यावी म्हणून. हे काम मला फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून नौदलाची पद्धत बघा. मोठं जहाज लांब थांबतं, शक्यतो वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे त्याच्या आडोशाने होडीभोवतीचं पाणी थोडं शांत होतं. मग कडक तळाच्या रबरी बोटी सोडतात. त्या होडीच्या कुशीला भिडत नाहीत, टोकाच्या बाजूने, अगदी हळू येतात. आणि पहिलं काम माणसं उचलण्याचं नसतं! पहिलं काम बोलायचं. "बसा. आम्ही सगळ्यांना घेणार आहोत. कोणी मागे राहणार नाही." अरबीत, फ्रेंचमध्ये, इंग्रजीत, ज्याला जी येते त्या भाषेत. मग लाइफजॅकेट सगळ्यांना. मग थोडी थोडी माणसं, होडीचा तोल सांभाळत. बाहेरून बघणाऱ्याला हे संथ वाटतं. "बघत बसलेत" म्हणतात ते हेच.

रबरी होड्यांचा वेगळा त्रास असतो. त्यांचा तळ मोडतो आणि होडी मधोमध दुमडते. तळात पेट्रोल सांडलेलं, त्यात खारं पाणी. बायका आणि मुलं मधल्या भागात बसवलेली असतात, ती त्या मिश्रणातच बसून असतात आणि त्यांची कातडी भाजून निघते. जहाजावर आल्यावर म्हणूनच आधी कपडे उतरवून अंग धुवायला लागतं.

इटलीचं 'सान जॉर्जियो' किंवा ब्रिटनचं 'बुलवर्क' यांसारखी जहाजं इथे फार उपयोगी पडली. त्यांच्या पोटात मागच्या बाजूने पाणी घेता येतं आणि छोट्या बोटी थेट आत शिरतात. ही सोय सैनिक किनाऱ्यावर उतरवायला केलेली आहे. तिथे तान्ही मुलं पाय न भिजता आत आली. एकट्या 'बुलवर्क'ने 2015 च्या उन्हाळ्यात 4,700 हून अधिक माणसं उचलली. जर्मनीच्या 'श्लेस्विग-होल्स्टाइन' युद्धनौकेवर त्याच ऑगस्टमध्ये एका सोमाली बाईला मुलगी झाली. तिचं नाव सोफिया ठेवलं आणि पुढे युरोपच्या अख्ख्या नौदल मोहिमेला ('ट्रायटन'हून ही वेगळी) तेच नाव मिळालं. मार्च 2019 मध्ये त्या मोहिमेतली जहाजं काढून घेतली, नुसती विमानं उरली. विमान दोर टाकत नाही. हे मला चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

एक कमेंट वाचून दाखवते: "सरळ परत का नाही पाठवत?" 2009 मध्ये इटलीने तसं केलं होतं, समुद्रात पकडलेली माणसं लिबियाच्या हवाली केली. 2012 मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. कारण लिबियात त्यांच्या वाट्याला छळ येणार होता आणि त्यांचं म्हणणं कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं. मताबद्दल वाद घाला, मी वाचते. पण बुडणाऱ्याला उचलायचं की नाही हा समुद्रावर वादाचा विषय नसतो. कप्तानाला कायद्याने जावंच लागतं, मग तो कोणत्याही देशाचा असो आणि बुडणारा कोणीही असो.

आता शेवटची कमेंट, हिच्यासाठी मी मुद्दाम वेळ ठेवलाय. रत्नागिरीच्या एका काकूंनी लिहिलंय: "मुलगा कॅडेट आहे, जहाज भूमध्य समुद्रातून जातं. त्यांना अशा होडीच्या मदतीला जा असा संदेश आला तर तो काय करणार?"

काकू, संदेश येऊ शकतो. 2014 या एका वर्षात व्यापारी जहाजांनी सुमारे 40 हजार माणसं वाचवली, आणि अशा जहाजांवर आपल्याकडची पोरं असतातच. मी थर्ड ऑफिसर असताना आमचं जहाज रिकामं, त्यामुळे बाजू पाण्यापासून तीन मजले उंच. त्या उंचीवरून दोरशिडी खाली सोडलेली असते. शांत बंदरात, पोट भरलेलं असताना ती चढतानाही माझे हात थरथरायचे. दोन दिवस उपाशी असलेली, कडेवर मूल घेतलेली बाई ती कशी चढणार? म्हणून नौदल किंवा तटरक्षक जवळ असेल तर तुमच्या मुलाच्या जहाजाला बहुतेक वेळा एवढंच सांगतील: लांब थांबा, आडोसा द्या, दिवे लावा, जाळी आणि शिडी तयार ठेवा. आणि त्याला रेलिंगवर उभं केलं तर त्याने हात हलवून कोणाला जवळ बोलवायचं नाही. दोन्ही तळवे खाली करून, सावकाश, पुन्हा पुन्हा एकच खूण करायची. बसा. बसून राहा.

हे त्याला आजच फोनवर सांगा.