ग्रामसभेत माईक कोणाच्या हातात?

नमस्कार मंडळी. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत कोण कोण बोललं, जरा आठवा. आता त्याच्या आधीच्या सभेत? पैज लावतो, तीच चार-पाच नावं येतील. एक निवृत्त मास्तर, एक वकील, एक बिल्डरशी भांडणारा आणि एक बिल्डरच्या बाजूचा.

मतदानात गोवेकर मागे नाही. 2022च्या विधानसभेला साधारण 79 टक्के मतदान झालं. पण मताचं बटण पडद्याआड दाबायचं असतं. ग्रामसभेत उठून, नाव सांगून, सगळ्या गावासमोर बोलावं लागतं.

सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रेडी या अमेरिकन अभ्यासकांनी 1995मध्ये लोक सार्वजनिक कामात का उतरत नाहीत याची तीन कारणं मांडली. जमत नाही, इच्छा नाही, किंवा कोणी बोलावलंच नाही. आपल्याकडे चर्चा फक्त मधल्या कारणाची होते. ‘लोकांना पडलेलीच नाही हो!’ म्हटलं की विषय संपला.

आधी वेळेचं बघू. गोव्याच्या 1994च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात. खास ग्रामसभा 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबरला. सगळे सुट्टीचे दिवस. पण सुट्टी कोणाला? पणजीत सरकारी नोकरी करणाऱ्याला. हॉटेलात खोल्या आवरणारी बाई, शॅकवरचा वेटर, टॅक्सीवाला यांची खरी धावपळ याच दिवशी. रविवारी मासे विकणारीची पाटी सगळ्यात जड. जुलैत पाऊस लागला की शेतात लावणी. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कामाचा आठवडा कोणाचा होता, एवढंच यातून दिसतं.

बायकांचं तर विचारूच नका. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 97. आणि ते थोडंबहुत तरी करणारे पुरुषच मुळात कमी. पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव आहेत, पण काही ठिकाणी बाई पंच आणि फोन उचलणार तिचा नवरा.

आता भीती. हा भाग गोव्याबाहेरच्यांना चटकन कळणार नाही. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणारा. 1964च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला आणि 1975च्या मुंडकार कायद्याने राहणाऱ्याला संरक्षण दिलं. कूळ कायदा आला तो गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, म्हणजे बहुजन समाजाने 1963मध्ये मतपेटीतून गावचं वजन उलटं केल्यावर. पण घर अजून नावावर झालेलं नाही, मामलेदारांकडे फाईल पडून आहे, आणि ग्रामसभेत विषय निघाला त्याच भाटकाराच्या जमिनीवरच्या प्रकल्पाचा. सांगा, तो उठेल? तो मागे भिंतीला टेकून उभा राहील, रजिस्टरवर सही करील, आणि घरी जाईल. इतिवृत्तात त्याची सही सापडेल, मत सापडणार नाही.

तिसरी गोष्ट सरावाची. अर्ज लिहिणं, सभेत मुद्दा मांडणं, कोणालाही न दुखावता नाही म्हणणं, हे साहेबाच्या नोकरीत रोज घडतं, बागायतीत मजुरी करताना घडत नाही. पण गोव्याकडे याला एक जबरदस्त उतारा आहे. आपली उत्सवातली नाटकं! जत्रेला गावची पोरं मराठी नाटक बसवतात. म्हणजे काय करतात बघा. वर्गणी गोळा करतात, हिशेब लिहितात, लाऊडस्पीकरची परवानगी काढतात, तालमीला उशिरा येणाऱ्याला सांभाळून घेतात, आणि शेवटी गावासमोर उभं राहून तोंड उघडतात. नागरिकशास्त्राचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. फक्त या शाळेलाही दार आहे. देवस्थानाचा कारभार ज्यांच्या हाती ते महाजन ठरावीक घराण्यांतले. समितीत कोण आणि मांडव घालायला कोण, हे बऱ्याच गावांत आडनावावरून ओळखता येतं. आणि गावात एवढ्या मुली असताना स्त्री भूमिकेसाठी कित्येकदा बाहेरून मानधनावर कलाकार आणतात. म्हणजे मुलींचा सराव बुडालाच.

सगळे थर एकत्र आले तर काय होतं, ते आपण पाहिलंय. गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची हे 2011 सालापर्यंतसाठी ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, समन्वयक होते डॉ. ऑस्कर रिबेलो. आराखड्याचे नकाशे वाचायला वास्तुविशारद लागले. पण नुसत्या नकाशा वाचणाऱ्यांना सरकार घाबरलं नसतं. गावं हलली, आणि जानेवारी 2007मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला.

आणि सेवा म्हणायचं कशाला, हेही जरा बघा. रविवारी सकाळी टी-शर्ट आणि हातमोजे घालून किनाऱ्यावरच्या बाटल्या उचलल्या की तो स्वयंसेवक, फोटोसकट. सोमवारी पहाटे त्याच बाटल्या रोजंदारीवर उचलणारी कामगार. ठीक आहे, तिला मजुरी मिळते. पण तीच बाई शेजारच्या आजारी म्हातारीला फुकट जेवण करून घालते, तेव्हा ते कोणत्याच अहवालात येत नाही. बचत गटातल्या बायकांना सरकारी कार्यक्रमात खुर्च्या भरायला मात्र हमखास आमंत्रण.

आता राहिलं ते ‘कोणी बोलावलंच नाही’. याला पैसा लागत नाही. पंचाने ग्रामसभेच्या आठवडाभर आधी, रात्री जेवणं झाल्यावर वाड्यावर बसावं, विषयपत्रिका वाचून दाखवावी, आणि जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांचे प्रश्न लेखी घ्यावेत. मुंडकाराचा प्रश्न दहा सह्यांत गेला तर तो एकटा दिसत नाही.

तसा अर्ज मराठीत कसा लिहायचा, त्याचा नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय. तुमच्या वाड्याचं नाव घाला आणि पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.