लाईट गेली तरी सेशन चालू

फोंडा, जुलैची रात्र. पाऊस नुसता कोसळतोय आणि लाईट गेली, राऊटर बंद, नेट पण गेलं. दूरच्या सर्व्हरवर आमचा बिल्ड चालू होता, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधणं, त्याचं काय?

तो चालूच आहे, कारण तो टीमक्समध्ये लावलाय, म्हणजे टर्मिनलची, कमांड टाइप करायच्या खिडकीची, सेशन जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. त्या दूरच्या मशीनवरच टीमक्सचा स्वतःचा एक सर्व्हर मागे बसलेला असतो आणि आपल्याला दिसतो तो नुसता क्लायंट, दोघं एका सॉकेटवरून, म्हणजे प्रोग्राममधल्या बोलायच्या वाटेवरून, बोलतात, नेट तुटलं की क्लायंट जातो पण सर्व्हर जागचा हलत नाही. लाईट आली की लॉगिन करायचं, अटॅच म्हणायचं, म्हणजे त्या सर्व्हरला परत जोडून घ्यायचं, काम सोडलं होतं तिथेच सापडतं.

आणि बिल्ड होतोय तोही टीमक्सच, डेबियन या लिनक्स सिस्टमचं पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला तयार गठ्ठा, बांधायला शिकतोय आम्ही. निकोलस मॅरियटने 2007 मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम 2009 पासून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या मूळ संचातच आहे. सी भाषेत लिहिलेला, लिबइव्हेंट आणि एनकर्सेस या लायब्ररी लागतात, बांधायला तसा सोपा.

पण पॅकेज म्हणजे नुसतं बांधणं नाही हो. 2016 ची गोष्ट बघा. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सेवा आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्या 230 व्हर्जनमध्ये डिफॉल्ट बदललं, लॉगआउट झालं की युजरच्या उरलेल्या सगळ्या प्रोसेस मारायच्या, म्हणजे आज इथे नेट तुटलं असतं आणि तिकडे टीमक्सही मेला असता, सगळं काम पाण्यात. डेबियनवाल्यांनी आपल्या सिस्टमडीच्या पॅकेजमध्ये ते बंद ठेवलं. टीमक्सच्या कोडला कोणी हातही लावला नाही, बिल्डचा एक पर्याय बदलला बस, आणि मला तर हे फार मोठं काम वाटतं.

अपग्रेडचंही तसंच. टीमक्सचं नवं पॅकेज टाकलं तरी त्याचा जुना सर्व्हर मेमरीत चालू असतो, पॅकेजने त्याला मारायचं नाही, आत कोणाचं तरी काम चाललेलं असतं. कधीकधी नवा क्लायंट जुन्या सर्व्हरशी बोलत नाही, प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच म्हणतो, म्हणजे दोघांची बोलायची पद्धत जुळत नाही, तेव्हा युजरने स्वतः आवरून सर्व्हर बंद करावा.

लाईट आली. बिल्ड झालेला आहे. आता आमची टेस्ट, स्क्रीनचे दोन भाग करायचे आणि डावीकडे लिहायचं, म्हापसा. कुठलं अक्षर स्क्रीनवरची किती घरं घेतं यावर टर्मिनल आणि टीमक्सचं एकमत नसलं की मधली उभी रेघ वाकडी होते.

झाली वाकडी. उद्या अक्षरांची रुंदी सांगणारी यूटीएफएटप्रॉक लायब्ररी लावून परत बिल्ड.