वाटाड्या आणि वाटेकरी

(पहाट. तलावावर धुकं. पाण्यातून वर आलेले काळपट, वाळलेले बुंधे.)

केरळमधला पेरियार व्याघ्र प्रकल्प. हे पाणी अडवलंय १८९५ साली पुरं झालेल्या मुल्लपेरियार धरणाने. बुंधे आहेत ते तेव्हा बुडालेल्या जंगलाचे.

काठाने एक रांग चाललीय. पुढे वाटाड्या, मागे चार-पाच पर्यटक, सोबत बंदूकधारी वनरक्षक. वाटाड्या थांबतो. चिखलात हत्तीचा ठसा. त्याच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत, आत पाणी नुकतं झिरपू लागलंय. हत्ती लांब गेलेला नाही. कुणी काही बोलत नाही, रांग वाट बदलते.

ही नजर प्रशिक्षण वर्गातून आलेली नाही. यातले काही वाटाड्ये एके काळी याच जंगलातून दालचिनीची साल चोरून नेत. साल चहूबाजूंनी सोलली की झाड उभ्या उभ्या वाळतं. हत्ती कुठे पाण्यावर उतरतात, गस्त कुठून जाते, रात्र कुठे काढायची, सगळं त्यांना पाठ. १९९०च्या दशकात वन खात्याने त्यांच्याशी बोलणी केली. चोरी सोडा, खटले मागे घेऊ. हीच माहिती आता जंगल राखायला आणि लोकांना जंगल दाखवायला वापरा. त्यांची समिती झाली. या सालीला तिकडे ‘वायना’ म्हणतात. समितीच्या नावातच ते आहे: माजी वायना साल गोळा करणारे. आपला भूतकाळ असा पाटीवर लावणारी माणसं फार पाहायला मिळत नाहीत.

ही मंडळी जंगलाबाहेरच्या गावांमधली. जंगलाचे मूळ रहिवासी म्हणजे मन्नान आणि पळियन आदिवासी. तेही आज इथे वाटा दाखवतात, बांबूचे तराफे वल्हवतात. बायकांची ‘वसंत सेना’ आळीपाळीने गस्त घालते. त्या गस्तीचा मोबदला त्या घेत नाहीत.

(गणवेश घातलेला वाटाड्या. गाडीतून उतरणारे पर्यटक.)

पण इथे थोडं थांबायला हवं. ‘स्थानिकांचा सहभाग’ हे शब्द जंगल पर्यटनाच्या प्रत्येक आराखड्यात असतात. प्रत्यक्षात सहभाग म्हणजे काय? बऱ्याच ठिकाणी एक गणवेश, हंगामापुरता रोज आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर नाच. वाटाड्या आहे, वाटेकरी नाही.

याला जुना इतिहास आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या मूळ जमातींना पुढे बाहेर काढलं गेलं. खरं जंगल म्हणजे माणूस नसलेलं जंगल, ही समजूत तिथून जगभर गेली. मग त्याच ‘निर्मनुष्य’ जंगलात पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या गेल्या. भारतात २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा अधिकार दिला. पण दिवसाला किती गाड्या सोडायच्या, तिकिटाचा दर किती, हे ग्रामसभेला विचारून ठरतं अशी उदाहरणं शोधावी लागतात.

(रुंद, मातकट नदी. काठावर लाकडी घरं.)

पेरू. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ताम्बोपाता नदी. तिच्या काठच्या या गावाचं नाव इन्फिएर्नो, म्हणजे नरक! इथे एसे एहा आदिवासी आणि नंतर येऊन वसलेली कुटुंबं एकत्र राहतात. १९९६ मध्ये गावाने एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नफ्यातला ६० टक्के वाटा गावाचा, ४० टक्के कंपनीचा. निर्णय मात्र निम्मे-निम्मे. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देणारे पुष्कळ भेटतात, सही करण्याआधी विचारणारे थोडे.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. पैसा आला की तो वाटायचा कसा हा प्रश्न येतो, आणि जंगल ओळखणारा प्रत्येक जण हिशेब ओळखतोच असं नाही. शिवाय पर्यटन हा भरवशाचा धंदा नाही. २०२० मध्ये जगभरच्या वाटा एकदम बंद झाल्या, तेव्हा शेती सोडून पूर्णपणे पाहुण्यांवर विसंबलेल्यांना त्याची झळ सगळ्यात जास्त बसली. शेत, मासेमारी, रानमेवा चालू ठेवून पर्यटन हे जोडउत्पन्न ठेवलं, तर पाहुणे नसतानाही चूल पेटते.

आता शेवटचा मुक्काम. हे जंगल नाही, लाल वाळवंट आहे. पण वाटेकरी असणं म्हणजे काय ते इथे स्वच्छ दिसतं.

(सूर्यास्त. उलुरू.)

ऑस्ट्रेलियातला उलुरू हा अवाढव्य खडक. इथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचं पवित्र स्थान. २६ ऑक्टोबर १९८५ला सरकारने ही जमीन त्यांच्या नावावर परत केली आणि त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. व्यवस्थापन मंडळात बहुमत अनांगूंचं. वर चढू नका, अशी विनंती ते पर्यटकांना वर्षानुवर्षं करत राहिले. लोक चढत राहिले. २०१७ मध्ये मंडळाने एकमताने ठरवलं, आता चढाई बंद. २६ ऑक्टोबर २०१९ला वाट बंद झाली आणि आधारासाठी खडकात रोवलेली साखळी उपटून काढण्यात आली.

(कॅमेरा खडकाच्या कडेवर स्थिरावतो.)

पावलांनी घासून फिकट झालेला तो पट्टा अजून लांबूनही दिसतो.